जुन्या रोजनिशीतला आणि पत्रांतला प्रवास नकाशावर कसा आणायचा

पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तळाशी फडक्यात बांधलेले कागद निघतात. कुणी पणजोबा काशीला गेले होते, कुणी इंदूर-ग्वाल्हेरकडे नोकरीला होते, कुणी फौजेबरोबर हिंडले होते. घरात एवढीच आठवण शिल्लक असते, बाकी सगळं त्या कागदांत. त्यातून प्रवासाचा मार्ग काढणं हे चिकाटीचं काम आहे आणि त्याला क्रम आहे. तो क्रम चुकला की नकाशा सुंदर होतो, पण खोटा होतो. पहिल्याच दिवशी नकाशा उघडून गावं शोधत बसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आधी कागद, मग वाचन, मग तारखा, मग मुक्कामांचा तक्ता, आणि रेघ ओढायची ती अगदी शेवटी.

कागद हाताळताना

पावसाळ्यात गठ्ठा उघडू नका. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओल धरतो, चिकटलेली पानं सोडवताना फाटतात आणि बुरशी पसरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. बोरूने लिहिलेली जुनी शाई बहुतेक काजळाची असते. तिचा रंग शतकानुशतकं टिकतो, पण ती पाण्याने विरघळते, म्हणून डाग पुसायला ओलं फडकंसुद्धा नको. एकोणिसाव्या शतकातल्या काही कागदांवर तपकिरी पडलेली शाई दिसते. ती लोहयुक्त असते आणि अक्षराच्या रेषेवरच कागद खाते. असा कागद घडीवर दुमडू नका. अक्षरांवर वाळूचे कण चिकटलेले दिसले तर ते शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे असतात. ते खरवडू नका.

सेलोटेप आणि लॅमिनेशन हे दोन्ही कागदाचे वैरी. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. गुंडाळीचं लांब पत्र एका दमात सरळ करू नका. दोन्ही टोकांवर पिशवीत भरलेल्या वाळूचं हलकं वजन ठेवून वीतभर उघडा, फोटो घ्या, पुढे सरका. ठेवायला आम्लरहित कागद आणि वर खळ न लावलेलं धुतलेलं सुती कापड. जुन्या दफ्तरांत कागद रुमालात बांधत, ती पद्धत आजही चांगलीच आहे. फक्त खळीकडे कसर धावते, एवढं लक्षात ठेवा.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, थेट ऊन नको. फोन कागदाला समांतर धरा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा आणि पाठकोरी बाजू दिसली तरी तिचाही फोटो घ्या. पत्ता, पोचल्याची नोंद, कुणाच्या हाती पत्र दिलं, असा सगळ्यात मोलाचा मजकूर पुष्कळदा मागेच असतो. पत्र पाकिटात असेल तर पाकीट आणि पत्र यांना एकच क्रमांक द्या. कागद गठ्ठ्यात ज्या क्रमाने होते तो क्रम आधी टिपून ठेवा. तारखेप्रमाणे लावण्याच्या उत्साहात तो मोडला की परत मिळत नाही.

वाचन: जसं आहे तसं

पेशवाईतले आणि त्यानंतरचेही बरेच कागद मोडीत असतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळलेलं नसतं. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात. दोन-तीन महिने रोज अर्धा तास सराव केला तर साधं घरगुती पत्र लागायला लागतं. सरावासाठी ज्याचं देवनागरी लिप्यंतर हाताशी आहे असाच कागद घ्या, म्हणजे चूक त्याच क्षणी कळते.

लिप्यंतर करताना शुद्धलेखन सुधारू नका. ‘जाहला’ला ‘झाला’ करू नका. न लागलेला शब्द चौकटी कंसात टिंबांनी दाखवा आणि अंदाजाने भरलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. आज अंदाजाने लिहिलेलं गाव सहा महिन्यांनी तुम्हालाच खरं वाटायला लागतं.

प्रवासाच्या कामाला लागणारी काही संक्षेपचिन्हं आधीच पाठ करावीत. मु॥ म्हणजे मुक्काम, मौ॥ मौजे, क॥ कसबा, शु॥ शुद्ध, व॥ वद्य. पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र हाती आल्याची नोंद. हा छोटासा शेरा सोन्याच्या मोलाचा आहे. पत्र लिहिल्याची मिती वर आणि पैवस्ती खाली किंवा मागे असेल तर त्या दोन ठिकाणांमधलं टपालाचं अंतर दिवसांत मिळतं. अशा पाच-सहा जोड्या जमल्या की ज्या पत्रावर ठिकाण नाही ते अंदाजे किती लांबून आलं असेल हे बांधता येतं. कोसाच्या आकड्यापुढच्या उभ्या रेघांकडेही लक्ष द्या: एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणून ७॥ म्हणजे साडेसात. या रेघा विरामचिन्ह समजून सोडून दिल्या की सगळी अंतरं थोडी थोडी कमी भरतात आणि कारण सापडत नाही.

तारखा: इथेच बहुतेक काम बिघडतं

एकाच गठ्ठ्यात तीन-चार कालगणना सापडतात. शालिवाहन शकात वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. सरसकट ७८ मिळवणं ही नेहमीची चूक, त्यामुळे पौष, माघ, फाल्गुनातला प्रवास एक वर्ष मागे जाऊन पडतो. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार. ७९ मिळवले की १७६१ येतं आणि ती तारीख १४ जानेवारी. आपली पद्धत बरोबर आहे का हे तपासायला ही मिती हाताशी ठेवा.

मराठी पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपणारं, उत्तरेतलं पौर्णिमान्त, पौर्णिमेला संपणारं. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात उत्तरेतला महिना एकाने पुढे जातो. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, तिकडे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. काशी-प्रयागात राहिलेला माणूस कधी घरची पद्धत लिहितो, कधी तिथली. एकाच वहीत पद्धत बदललेलीही दिसते. दोन सलग नोंदींमध्ये एकदम महिन्याची उडी दिसली तर माणूस महिनाभर थांबला असं लिहिण्याआधी हा संशय घ्या. मधे अधिक महिना आहे का हेही पाहा.

सुहूर सन, मराठी दफ्तरांतली आणखी एक वर्षगणना, अरबी अंकशब्दांत लिहितात आणि एकक आधी येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सुहूर ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचंच वर्ष. मया आणि मयातैन यांत घोटाळा करू नका, पहिला शंभर, दुसरा दोनशे. ‘छ’ हे अक्षर चांद्र तारखेची खूण, पुढे मोहरम, सफर असा महिना येतो. ती तारीख सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून एक दिवसाचा फरक पडला तर दचकू नका. कंपनीच्या इंग्रजी कागदांशी मेळ घालत असाल तर १७०० ते सप्टेंबर १७५२ मधल्या त्यांच्या तारखा अकरा दिवस मागे असतात.

ताळा पाहायला दोन सोपी साधनं आहेत. पहिलं वार. भौम मंगळवार, सौम्य बुधवार, भृगु शुक्रवार, मंद शनिवार. सौम्य वाचून सोमवार आणि मंद वाचून मंगळवार धरणारे खूप आहेत. वार एका दिवसाने चुकला तर तिथीची क्षय-वृद्धी (तिथी गळणं किंवा दोन दिवस येणं) असू शकते. दोन-तीन दिवसांनी चुकला तर तुमचं वाचन किंवा वर्ष चुकलं आहे, आकडा पुन्हा पाहा, १ आणि ९ विशेषतः. दुसरं साधन संवत्सराचं नाव. शकात १२ मिळवून ६० ने भागा, उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांच्या यादीत प्रभव या पहिल्यापासूनचा क्रमांक. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, म्हणजे विक्रम संवत्सर. कागदावर शेवटचा आकडा फाटला असेल आणि संवत्सर वाचता येत असेल तर वर्ष नक्की होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकासाठी मोडकांची जंत्री (मित्या आणि इंग्रजी तारखा जुळवणारी कोष्टकं) वापरा. संगणकावरचे तारीख-बदलक सोयीचे आहेत, पण ते अमान्त धरतात की पौर्णिमान्त हे पानिपतच्या मितीने नव्हे, वद्य पक्षातल्या एखाद्या पक्क्या मितीने तपासा. शुद्ध पक्षात तो फरक दिसतच नाही.

मुक्कामांचा तक्ता

आता कोरा तक्ता घ्या, कागदावर किंवा संगणकावर. रकाने असे: कागदाचा क्रमांक, मूळ शब्दांत नोंद, मिती, इंग्रजी तारीख, निघालेलं ठिकाण, पोचलेलं ठिकाण, लिहिलेले कोस, वाहन, खर्च, पाहिलेलं की ऐकलेलं, आणि खात्री. खात्रीला तीनच पायऱ्या ठेवा: पक्कं, बहुधा, अंदाज. ज्या दिवशी नोंद नाही त्या दिवसाचीही ओळ ठेवा, रिकामी. प्रवास समजतो तो बऱ्याचदा या रिकाम्या ओळींतून: आजारपण, पूर, ग्रहण, सोबतीची वाट पाहणं.

एक ओळ जवळून पाहू. नमुन्यासाठी रचलेली नोंद अशी: ‘मार्गेश्वर व॥ ५ भृगुवासर. सुप्याहून प्रातःकाळी निघोन ७॥ कोस नगर. भिंगारावर मु॥. तट्टास नाल ठोकिले. गंगेकडील बातमी आली की उतार जाहला.’

पहिला प्रश्न, सुपे कुठलं? एक बारामती तालुक्यातलं, शहाजीराजांच्या जहागिरीमुळे प्रसिद्ध. पहिलं तेच मनात येतं. पण तिथून नगर एका दिवसात तट्टावर गाठणं शक्य नाही. दुसरं सुपे पारनेर तालुक्यातलं, थेट पुणे-नगर वाटेवर. साडेसात कोस, कोसाला सव्वातीन किलोमीटरच्या आसपास धरले तर २४ किलोमीटर, आणि पारनेरचं सुपे नगरहून साधारण तेवढ्यावरच आहे. गाव पक्कं झालं. दुसरा प्रश्न, गंगा. नगरजवळ गंगा कुठून आली? दख्खनी कागदांत नुसती ‘गंगा’ म्हणजे बहुतेक वेळा गोदावरी. गंगाथडी हा शब्द तिच्यावरूनच आलेला. ‘उतार जाहला’ म्हणजे पाणी ओसरून पायउतार झाला. मार्गेश्वर म्हणजे मार्गशीर्ष, त्या महिन्यात ते जुळतं, श्रावणात लिहिलं असतं तर मितीवर संशय घ्यायला हवा होता. तिसरं, ही बातमी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. चौथं, नाल ठोकले म्हणजे जनावराचा प्रवास, आणि पुढची मजल मोजताना पायी चालीचं माप लावायचं नाही. एका ओळीतून एवढं निघतं, म्हणून घाई नको.

अंतर आणि वेग

दख्खनी कोस साधारण दोन मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर धरून सुरुवात करा, पण तेच माप सगळीकडे लावू नका. कोस प्रांताप्रांतात बदलतो, आणि घाटात लोक कष्टाचा कोस मोजतात. ज्या दोन मुक्कामांची गावं पक्की आहेत त्यांच्यातलं अंतर मोजा, लिहिलेल्या कोसांनी भागा आणि त्या वहीचा, त्या प्रांताचा कोस स्वतः काढा. नर्मदा ओलांडली की पुन्हा काढा.

वेगाचा ढोबळ अंदाज असा: पायी माणूस दिवसाला २० ते २५ किलोमीटर, भरलेली बैलगाडी १५ ते २०, तट्टावरचा प्रवासी ३० ते ४०. कुटुंबकबिला बरोबर असेल तर यातून कमी करा. तक्त्यात बैलगाडी एका दिवसात ६० किलोमीटर गेलेली दिसली तर तारीख चुकली आहे, मधला मुक्काम सुटला आहे किंवा गाव दुसरंच आहे.

सरासरी मात्र फसवते. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांची (सदाशिवरावभाऊंची) फौज मार्च १७६० च्या मध्यात पडदूरहून (आजचं जालना जिल्ह्यातलं परतूर) निघाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत पोचली. साडेचार महिन्यांची दिवसाला सरासरी काढली तर दहा किलोमीटरच्या आसपास येते. त्यावरून फौज रोज तेवढंच रांगत होती असं समजणं चूक. पावसाळा लागला, यमुनेला पूर आल्याने अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, उतरता आलं नाही, लांब मुक्काम पडले. चालीचे दिवस आणि थांब्याचे दिवस वेगळे मोजा, तेव्हा चित्र खरं होतं.

गावं आणि वाटा ओळखणं

जुनी नावं आधी लावून घ्या: शहाजहानाबाद दिल्ली, अकबराबाद आग्रा, भागानगर हैदराबाद, भिलसा विदिशा, गुलशनाबाद नाशिक, ब्रह्मावर्त बिठूर, रेवा नर्मदा. ‘हिंदुस्थानात गेले’ म्हणजे नर्मदेपलीकडे गेले. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव अशी नावं पन्नास सापडतात, तिथे मागचा आणि पुढचा मुक्काम पक्का करून मधल्या वर्तुळात शोधा.

पुण्याहून उत्तरेला जायच्या दोन मोठ्या वाटा ध्यानात ठेवल्या की निम्मी कोडी सुटतात. एक वाघोली, कोरेगाव, शिरूर, सुपे, नगर अशी जाऊन कायगाव-टोक्याला गोदावरी उतरते, मग औरंगाबाद, अजिंठ्याचा घाट, बऱ्हाणपूर, अशीरगड, आणि नर्मदा ओलांडून सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर. दुसरी खेड, नारायणगाव, संगमनेर, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, थाळनेरला तापी, सेंधव्याचा घाट, महेश्वर, इंदूर, उज्जैन. प्रवासी नदीच्या उतारावर आणि घाटाच्या तोंडावर अडकतो, म्हणून आधी नदी आणि घाट पक्के करा. मधली गावं त्यांच्या मागून येतात.

आजच्या उपग्रह नकाशावर जुना उतार दिसेलच असं नाही. जायकवाडीच्या फुगवट्याने गोदावरीचा काठ बदलला, उजनीने भीमेचा. नर्मदेवरच्या इंदिरासागरात २००४ साली हरसूद गाव गेलं. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने इंच-मैल नकाशे पाहा. पुणे जिल्ह्यासाठी १८८५ च्या गॅझेटिअरच्या अठराव्या खंडात रस्ते, घाट आणि होड्यांचे धक्के गावागणिक दिले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला प्रवास असेल तर रेल्वेच्या तारखा कसोटीचं काम करतात. मुंबई-ठाणे १८५३, खंडाळा-पुणे १८५८, पण बोरघाटातून सलग गाडी १८६३ ला. मधल्या पाच वर्षांत पुण्याहून मुंबईला जाणारा खंडाळ्याला उतरे, घाट खाली जाई आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसे. १८६० च्या पत्रात ‘पुण्याहून एका गाडीने बोरीबंदर’ असं असेल तर ते नंतर आठवून लिहिलेलं आहे. मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे १८७० मध्ये झाली. टपालाचंही तसंच: अर्ध्या आण्याचं तिकीट १८५४ पासून, पैशाचं कार्ड १८७९ पासून. मजकुरात वर्ष नसलं तरी कार्ड त्याआधीचं असू शकत नाही. शिक्का भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. रवानगीचा आणि पोचेचा असे दोन्ही शिक्के लागले तर पैवस्तीचंच काम होतं.

वेळेच्या नोंदी घटका-प्रहरांत असतात. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, मोजणी सूर्योदयापासून. ‘चार घटका दिवस राहता पोचलो’ म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारे दीड तास आधी.

रोजनिशी, आठवण आणि खर्चाची वही

रोजच्या रोज लिहिलेलं आणि मागाहून आठवून लिहिलेलं यांना एकाच तक्त्यात सारखं वजन देऊ नका. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेला निघाले आणि झाशी-ग्वाल्हेरच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो जवळपास पाव शतकानंतर. चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध करताना त्यात फेरफार केले आणि मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी पुढे काढली. माणसं, बोलणी, भीती आठवणीत लख्ख राहतात. मित्या आणि कोस घसरतात. म्हणून छापील प्रतीवरून मार्ग काढत असाल तर ती कोणत्या हस्तलिखितावरून आली हे पहिल्या रकान्यात लिहा.

सगळ्यात भरवशाची खर्चाची वही. जकात, नावेची उतराई, वैरण, नालबंदी, दक्षिणा यांत कुणी शोभेसाठी काही लिहीत नाही. रोजनिशी म्हणते ‘नदी उतरलो’ आणि वहीत त्या दिवशी उतराईच नाही, तर एक तर पाणी पायउतार होतं किंवा तारीख सरकली आहे. बाहेरचा पुरावा हवा तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की पूर्वजांनी स्वहस्ते केलेली नोंद मिळू शकते. जाताना उपनाव, गोत्र, मूळ गाव आणि माहीत असलेल्या तीन पिढ्यांची नावं लिहून न्या. सरकारी कामावरचा माणूस असेल तर पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दफ्तराचे रुमाल आहेतच, पण तिथे जाताना वर्ष आणि परगणा नक्की करूनच जा. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही.

रेघ ओढताना

आता नकाशा. क्यूजीआयएस फुकट मिळतं, तेवढंही नको असेल तर गूगलच्या नकाशावर खुणा टाका. पक्क्या मुक्कामांना भरीव ठिपका, बहुधाला पोकळ, अंदाजाला ठिपकाच नको, नुसतं वर्तुळ. दोन पक्क्या ठिपक्यांमधली वाट कागदातून सिद्ध असेल तरच सलग रेघ, नाहीतर तुटक. आजच्या महामार्गाला रेघ चिकटवायची सवय सोडा. यंत्र आपोआप तो रस्ता सुचवतं, पण पूल आणि बोगदे नंतरचे आहेत. प्रत्येक ठिपक्यामागे तक्त्याच्या ओळीचा क्रमांक ठेवा, म्हणजे उद्या एखादं वाचन बदललं तर कुठला ठिपका हलवायचा हे कळेल.

प्रत्यक्ष वाट चालून पाहायची असेल तर पुण्याहून वाघोली-कोरेगाव-शिरूर हा टप्पा बरा, नोंदीतल्याच महिन्यात जा. गावात महामार्गाची चौकशी करू नका, ‘जुनी वाट कुठून जायची, बारव कुठे, धर्मशाळा कुठे’ असं म्हाताऱ्या माणसांना विचारा. बारव, धर्मशाळा आणि नदीकाठचं देऊळ जिथे एकत्र आहेत तिथे मुक्काम पडत असे. त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, फोटो घ्या, आणि सांगणाऱ्याचं म्हणणं तक्त्यात ‘ऐकलेलं’ म्हणूनच लिहा.

काम होईल तसतशा तक्त्याच्या आणि फोटोंच्या तीन प्रती करा: एक घरात, एक दुसऱ्या शहरातल्या नातलगाकडे, एक ऑनलाइन. मूळ कागद सांभाळणं घरात जमणार नसेल तर संस्थेकडे देताना यादी करून पोच घ्या आणि सगळा गठ्ठा एकत्र द्या. भावाभावांत वाटून घेतलेल्या रोजनिशीची पानं पुन्हा एका तक्त्यात आणणं फार अवघड जातं.